पहिला प्रश्न

६ ऑक्टोबर, मंगळवार

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच. तू बोलत नाहीस म्हणून ते काही कमी होत नाहीत. पण आधी बातमी ऐक. आज संध्याकाळी विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात तुझ्या बापाला श्रद्धांजली वाहिली, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून. मी स्वतः उभा होतो.

झालं असं. हंगामातल्या पहिल्या व्याख्यानाला संयोजकबाई माइकवर येतात आणि वर्षभरात जे नेहमीचे श्रोते गेले त्यांची नावं घेतात, हे तुला आठवत असेल. आमच्या वयाच्या मंडळींना या कार्यक्रमाची जरा धास्तीच असते. आज मला पोचायला उशीर झाला, म्हणून मागेच भिंतीला टेकून उभा राहिलो. बाईंनी एक नाव घेतलं, आडनावासकट, आणि वर म्हणाल्या, "म्हणजे आपले चष्मेवाले काका. पहिल्या रांगेत कडेला बसायचे. या सभागृहातला पहिला प्रश्न नेहमी त्यांचा असायचा." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. सवयीनं घातली गं, आणि मग लक्षात आलं की नाव माझंच होतं.

चूक कशी झाली तेही मी हुडकून काढलंय. हंगामाच्या आधी कार्यक्रम विभाग श्रोत्यांना कार्डं पाठवतो. कार्ड परत आलं, फोन लागला नाही आणि माणूस काही महिने फिरकला नाही, की बाई त्याला गेलेला धरतात. चौकशीची भानगडच नको. माझं कार्ड जायचं दुकानाच्या पत्त्यावर. दुकान मी उन्हाळ्यात सोडलं, फोनही दुकानाचाच होता. त्यात मी आजारी. छातीत पाणी झालं म्हणून दवाखान्यात होतो. तुला कळवलं नाही. कळवून तू आली नसतीस तर ते मला झेपलं नसतं, खरं सांगायचं तर एवढंच. आता मी एकदम ठणठणीत आहे. खोकला असा गेलाय की मागमूस नाही. दवाखान्यातून घरी कसा आलो ते मात्र नीट आठवत नाही, बहुधा टॅक्सीनं आलो असणार.

व्याख्यान होतं समुद्रकाठच्या जुन्या बंदरांवर. बरं झालं. शेवटी वक्ते म्हणाले, "काही प्रश्न?" आणि सभागृहात ती शांतता पसरली, जिला सगळे संयोजक टरकून असतात. कुणी पहिलं बोलायला तयार नाही. वक्ते पाण्याचा ग्लास उचलतायत, ठेवतायत. बाईंनी सवयीनं माझ्या खुर्चीकडे पाहिलं, मग चटकन नजर वळवली. मी मागून हात वर केला. चांगला ताणून केला. माइक घेऊन फिरणारी मुलगी माझ्यासमोरून दोनदा गेली.

चहाच्या वेळी बाईंना गाठलं. म्हटलं, "बाई, मी आहे की अजून." बाजूला गर्दी होती. त्या "हो हो, बघते" म्हणाल्या आणि निघून गेल्या. ओशाळल्या असतील बिचाऱ्या.

तुझ्या कानावर काही आलं तर घाबरू नकोस, म्हणून हे तातडीनं लिहितोय. तुझा बाप जागच्या जागी आहे.

बाबा

१४ ऑक्टोबर, बुधवार

भिंगरे,

तुझं उत्तर नाही. ते ठीक आहे, तू परदेशात आहेस आणि पत्राला वेळ लागतो. उत्तर देणार नाहीस असंही असू शकतं, पण तो विचार मी करत नाही.

आज विद्यापीठात जाऊन सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं होतं. कार्यक्रम विभागाला आता काचेचं दार बसवलंय, माणूस समोर आला की आपोआप सरकणारं. माझ्यासमोर ते ढिम्म हललं नाही. एक विद्यार्थिनी धावत आली, तिच्यासाठी सरकलं, तिच्या पाठोपाठ मी आत. नवी यंत्रं अशीच असतात. आमच्या दुकानातलं डोळ्यांचा नंबर काढायचं मशीनही बुटक्या माणसाला दाद द्यायचं नाही.

बाई टेबलापाशी डबा खात होत्या. मी समोर बसलो आणि सगळं शांतपणे सांगितलं. माझी तक्रार नाही, म्हटलं, माणूस आहे, चुकतो. फक्त पुढच्या कार्यक्रमात दोन वाक्यं बोला, की काका जिवंत आहेत, गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत. बाईंनी घास खाली ठेवला. दंड चोळले. शिपायाला म्हणाल्या, "पंखा कमी करा हो, इथे एकदम गार का पडलंय?" शिपाई म्हणाला, पंखा बंदच आहे. मग त्या माझ्या दिशेनं बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "हो, ते राहिलंच करायचं." हे आश्वासन समजून मी उठलो.

संध्याकाळच्या व्याख्यानाला मुद्दाम इस्त्रीचा सदरा घालून गेलो. माझ्या खुर्चीवर बसलो. पाठीमागून कुजबुज, हसणं, गळाभेटी होतील म्हणून चेहरा तयार ठेवला होता. तेवढ्यात एक जाडजूड बाई आल्या आणि सरळ माझ्या मांडीवर बसायला लागल्या. मी वेळेत उठलो म्हणून अब्रू वाचली. "अहो, दिसत नाही का?" म्हटलं, तर त्या पर्समध्ये चष्मा शोधत होत्या. माझ्याच दुकानातली फ्रेम होती ती. मी उभाच राहिलो.

संयोजकबाई माइकवर आल्या. म्हणाल्या, "मोबाइल कृपया बंद ठेवा." मग थांबल्या. तोंड उघडलं. माझ्या खुर्चीकडे पाहिलं, तिथे त्या जाडजूड बाई. काहीतरी सांगायचं होतं ते विसरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला आणि त्या खाली उतरल्या. मला इतका राग आला म्हणून सांगू. पाय आपटत बाहेर आलो. पाय आपटल्याचा आवाज झाला नाही, नवीन गालिचा टाकलाय.

दोन ओळी पाठव. नुसतं "मिळालं" एवढं लिहिलंस तरी चालेल.

बाबा

२५ ऑक्टोबर, रविवार

भिंगरे,

आज तुला हसवायचा बेत होता. लिहायला बसल्यावर बघतो, जमतंय का.

आज सकाळी चित्रकलेची कार्यशाळा होती, सर्वांना खुली. तुला माहीत आहे, मला रेघ सरळ मारता येत नाही, पण फुकट आणि चहासकट काही असेल तर मी सोडत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी दोघादोघांच्या जोड्या लावल्या. समोरासमोर बसायचं आणि एकमेकांचं चित्र काढायचं. मी माझ्यासारख्याच शिकायला आलेल्या, एका शाळेतल्या शिक्षिकेच्या समोर जाऊन बसलो. पन्नाशीच्या, केस आखूड, हातावर शाईचा डाग. मी म्हटलं, "माझं नाक जरा लहान काढा हं." त्या हात वर करून शिकवणाऱ्या बाईंना म्हणाल्या, "माझ्यासमोर कुणी नाहीये." त्या म्हणाल्या, "मग जे आहे ते काढा."

आणि त्या काढायला लागल्या. मी एकदम ताठ बसलो होतो. माझ्याकडे इतकं लक्ष देऊन कितीतरी महिन्यांत कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. अर्ध्या तासानं उठून त्यांच्या मागे जाऊन पाहिलं. कागदावर खुर्ची होती. नुसती खुर्ची, चारी पाय, पाठीच्या पट्ट्या, एका हाताचा उडालेला रंग. आणि बसायच्या गादीला मधोमध खोलगट खड्डा, कुणी बसलं की पडतो तसा. शिकवणाऱ्या बाई फिरत फिरत तिथे आल्या, म्हणाल्या, "छान. पण गादी अशी का दबलीय?" शिक्षिका म्हणाल्या, "होती ना तशी, मघापर्यंत." दोघींनी वळून खुर्चीकडे पाहिलं. मी उठलो होतो, त्यामुळे गादी फुगून सपाट झाली होती. शिक्षिकेच्या हातातली पेन्सिल खाली पडली आणि त्यांनी ती उचलली नाही.

मी चहा न घेता घरी आलो.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. म्हटलं, "वहिनी, जरा बोलायचं होतं." त्या माझ्या बाजूनं चढून गेल्या. म्हणजे त्या कधीच फारशा बोलत नाहीत. पण पूर्वी निदान तोंड वाकडं करायच्या.

आणखी एक. मागची दोन्ही पत्रं मी स्वतः जाऊन कोपऱ्यावरच्या पेटीत टाकली होती. पेटीच्या तोंडावरचा पत्रा हाताला लागला होता, इतकं नक्की आठवतंय. आज घरी आलो तर दोन्ही टेबलावर, दौतीशेजारी. तिकिटं कोरी, शिक्का नाही. मी ती परत नेऊन टाकली. हेही टाकीन.

भिंगरे, तुझ्या आईला मी कधी भुताखेताच्या गोष्टी सांगू दिल्या नाहीत. दुकानात दिवसभर भिंगं घासणारा माणूस मी. जे दिसतं ते प्रकाशामुळे दिसतं, एवढंच मी तुला शिकवलं. त्यामुळे यावर मी काही मत देत नाही.

बाबा

३ नोव्हेंबर, मंगळवार

भिंगरे,

तिन्ही पत्रं टेबलावर आहेत. आता चौथं लिहितोय. टाकायला जाणार नाही, उगीच पायपीट कशाला. पण लिहिणं थांबवलं तर दिवसभर करायचं काय, हा प्रश्न आहे.

आज सांस्कृतिक संध्याकाळ होती. विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद, मग नृत्य. सभागृह खचाखच. पुढे बसायची सोय नाही म्हणून मी पार शेवटच्या रांगेत गेलो, जिथे खांबामुळे रंगमंच अर्धाच दिसतो आणि कुणी बसत नाही. तिथे एक बाई विणत बसल्या होत्या. निळी लोकर. मी ओळखलं त्यांना. आपल्या विणकामवाल्या बाई गं, बँकेतून निवृत्त झालेल्या. कुठलाही विषय असो, व्याख्यानभर सुया चालू. तू त्यांना एकदा म्हणाली होतीस, मला पण शिकवाल का?

त्यांच्यासाठी मी दोन वर्षांपूर्वी याच सभागृहात उभा राहिलो होतो.

त्यांनी बाजूची खुर्ची थोपटली. "आलात? बसा. तिथे पुढे बसू नका हो आता, लोक अंगावर बसतात. वाईट वाटतं." मी बसलो. पलीकडे ते झोपाळू वकील होते, मान कलती, तोंड अर्धवट उघडं. त्यांच्याहीसाठी मी उभा राहिलो होतो. त्यांनी एक डोळा उघडून मला हात केला आणि परत झोपले. आणखी तीनचार चेहरे होते, सगळे ओळखीचे. शांतपणे नाच बघत होते.

मी म्हटलं, "बाई, माझ्या बाबतीत चूक झालीय. कार्ड परत आलं म्हणून. दुकानाचा पत्ता..."

"सगळ्यांनाच वाटतं चूक झालीय," त्या म्हणाल्या. "मी तर कुलगुरूंना अर्ज लिहिला होता. वकीलसाहेबांनी मसुदा करून दिला." वकील झोपेतच हसले.

टाळ्या पडत होत्या. विणकामवाल्या बाईंच्या सुया चालत होत्या, पण विणलेलं तेवढंच होतं, मी मुद्दाम पाहत होतो. एक वीण घालायच्या, आणि पट्टी होती तेवढीच. मी विचारलं, "हे असं कुठवर?" त्या म्हणाल्या, "ज्याचं घरचं कुणी घरी येऊन हाक मारतं ना, तो मग इथे दिसत नाही. त्या टोकाला एक आजोबा बसायचे. त्यांची नात गावाहून आली, घर उघडलं, 'आजोबा' म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी." मी विचारलं, आणि तुमचं? "माझा मुलगा आला होता एकदा. घरी नाही, इथे. कुठल्याशा परिषदेला. दोन रांगा सोडून पुढे बसला होता. मला वाटलं, कामात आहे, कशाला त्याला मधे बोलवायचं. आता वाटतं, बोलवायला हवं होतं." हे सांगतानाही त्यांचे हात थांबले नाहीत.

तर भिंगरे, समजा मी गेलो. मी वाद घालत नाही. दवाखान्यातली ती पांढरी चादर आठवते आणि त्यानंतरचं नाही, एवढं मी मान्य करतो. मला त्याचं काही नाही. पण कायम या खांबाआड बसून व्याख्यानं ऐकायची, आणि प्रश्न विचारायचा नाही? माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा कुणाला सुचली नसती.

तुझ्याशिवाय माझं घरचं कुणी नाही. आणि पत्र तर तुला पोचत नाही.

बाबा

१२ नोव्हेंबर, गुरुवार

भिंगरे,

आज कार्यक्रम विभागाच्या फलकावर तुझा फोटो पाहिला.

केस पांढरे व्हायला लागलेत तुझे. कानाजवळ. मला कुणी सांगितलंच नाही. फोटोखाली लिहिलंय, "अंधारात डोळा काय पाहतो? सार्वजनिक व्याख्यान, मोठे सभागृह, प्रवेश सर्वांना खुला." आणि खाली बारीक अक्षरांत, "आमचे दिवंगत श्रोते चष्मेवाले काका यांच्या स्मरणार्थ." काचेच्या दारासमोर उभा राहून मी ते कितीदा वाचलं, मोजलं नाही. शिपाई माझ्यातून हात घालून टाचणी नीट करून गेला. थंड काहीतरी गेलं मधून, दुखलं नाही.

म्हणजे संयोजकबाईंनी तुला शोधून काढलं. तू हो म्हणालीस. माझ्यासाठी म्हणालीस, की नको म्हणायला वाईट दिसेल म्हणून, हे मला समजलं तर बरं होईल. न समजलं तरी मी येणार आहेच.

या सभागृहात तू शेवटची बोललीस तो दिवस मी विसरलेलो नाही. विषय हाच होता. तू तेव्हा नुकती शिकून आली होतीस आणि मंचावर इतकी छान उभी होतीस की माझा ऊर भरून आला होता. प्रश्नांची वेळ झाली. पहिला प्रश्न माझा, हे ठरलेलंच. मी उठलो आणि म्हटलं, ही आज आपल्याला अंधाराबद्दल शिकवतेय, पण बारा वर्षांची होईपर्यंत ही अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. दिव्याचं बटण पार आत खिडकीपाशी. ही दारात उभी राहायची आणि विचारायची, "बाबा, आहात ना?" मी आतून "आहे गं" म्हटलं की मगच आत यायची. लोक हसले. खूप हसले. पुढच्या रांगेतले तर डोळे पुसत होते. मीही हसत होतो.

तू हसली नाहीस. म्हणालीस, "या गृहस्थांचा प्रश्न काय आहे?"

गृहस्थ म्हणालीस. मला ते इतकं झोंबलं की घरी गेल्यावर मी तुझ्याशी बोललो नाही, आणि तू बॅग भरलीस. मी काय वावगं बोललो होतो? कौतुकच केलं होतं. आजही मला तसंच वाटतं. फक्त अलीकडे खांबाआड बसून मी वेगवेगळ्या लोकांची व्याख्यानं ऐकतोय, मध्ये न बोलता. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली की माझा प्रश्न काय आहे, हे मी त्या दिवशी तुला सांगितलंच नाही. सांगण्यासारखा प्रश्नच नव्हता माझ्याकडे. मी कधीच कुणाला प्रश्न विचारलेला नाही, भिंगरे. मी उठायचो आणि माझंच काहीतरी सांगायचो.

या वेळी विचारीन. काय विचारायचं ते ठरवतोय. लांबलचक होतंय, छाटायला हवं.

विणकामवाल्या बाई म्हणाल्या, पुढेच बसा त्या दिवशी, जे होईल ते होईल.

बाबा

२० नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळ

भिंगरे,

घरी येऊन लगेच लिहायला बसलोय, कारण फारसा वेळ नाहीये असं वाटतंय. तुझ्या व्याख्यानाबद्दल तुला कुणी ना कुणी सांगेलच, पण कडेच्या खुर्चीवरून ते कसं दिसलं हे मीच सांगू शकतो.

खुर्चीवर संयोजकबाईंनी "राखीव" असा कागद चिकटवला होता. त्यामुळे कुणी अंगावर बसलं नाही. बाईंचे उपकार आहेत. मी कागदावरच बसलो.

तू आलीस. चष्मा लावला नव्हतास, वाचायला लागतो तुला आता, हे मला तू कागद लांब धरलास त्यावरून कळलं. नंबर फार नसेल. चांगली फ्रेम घे, नाकावर रुतणारी नको. तुझा आवाज आईसारखा खाली उतरलाय. बोलता बोलता तू माझ्या खुर्चीकडे एकदा पाहिलंस आणि पुढचा शब्द विसरलीस. लोकांना कळलं नाही, पण मला कळलं.

मग तू सभागृहातले सगळे दिवे बंद करायला सांगितलेस. लोक जरा चुळबुळले. तू म्हणालीस, घाई करू नका, डोळ्यांना अंधाराची ओळख व्हायला वेळ लागतो. मंचाच्या एका कोपऱ्यात तू अगदी मिणमिणता दिवा ठेवला होतास, बोटाच्या पेरापेक्षा लहान. म्हणालीस, त्याच्याकडे थेट पाहा. पाहिलं तर दिसेनासा झाला. म्हणालीस, आता थोडं बाजूला पाहा. आणि तो दिसला. सगळ्या सभागृहातून "आं" असा आवाज आला. "डोळ्याचा अगदी मधला भाग मंद उजेडाला आंधळा असतो," तू म्हणालीस. "म्हणून अंधारात जे पाहायचं असेल त्याच्याकडे सरळ पाहू नका. किंचित बाजूला पाहा. ते असतं तिथेच." एवढी वर्षं मी लोकांचे डोळे तपासले, पण हे मी असं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मला फार अभिमान वाटला. या वेळी मी तो उठून सांगितला नाही.

व्याख्यान संपलं. दिवे लावायला शिपाई निघाला तर तू म्हणालीस, राहू द्या थोडा वेळ. आणि विचारलंस, "काही प्रश्न?"

ती शांतता पसरली. कुणी बोलेना. आणि तू म्हणालीस, हळू, माइक तोंडापासून जरा लांब धरून, "इथे एक गृहस्थ असायचे. पहिला प्रश्न त्यांचा असायचा. मी एकदा त्यांना विचारलं होतं की तुमचा प्रश्न काय आहे, आणि त्याचं उत्तर ऐकायला थांबले नाही. आज थांबते."

आणि खरंच थांबलीस. लोकांनी खाकरणंही बंद केलं.

मी उठलो. लांबलचक तयार केलं होतं ते सगळं विसरलो. म्हटलं, "भिंगरे, घरी येतेस का?"

बस. एवढंच विचारलं. माझ्या आयुष्यातला पहिला खराखुरा प्रश्न, आणि त्याला माइकही नव्हता.

तू माझ्याकडे पाहत नव्हतीस. खुर्चीच्या जरा डावीकडे, जिथे कुणीच नव्हतं, तिथे पाहत होतीस. बराच वेळ. मग तुझा हात माइकवरून घसरला. तू म्हणालीस, "हो. येते."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणी काही विचारलंच नव्हतं, मग ही कशाला हो म्हणाली? संयोजकबाईंनी घाईनं दिवे लावायला सांगितले. उजेड झाल्यावर तू सरळ माझ्या खुर्चीकडे पाहिलंस, आणि तुझा चेहरा पडला. उजेडात मी नव्हतो. मागे वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत विणकामवाल्या बाई सुया खाली ठेवून उभ्या होत्या. वकीलसाहेब चक्क जागे होते.

मी धावत घरी आलो. आता बाहेर अंधार पडत चाललाय. दिवा लावायचा प्रयत्न केला, बटण माझ्या बोटाखाली हलत नाही, बऱ्याच दिवसांत हललं नाहीये. पत्रं एका गठ्ठ्यात टेबलावर ठेवली आहेत, खिडकीशी. अक्षर तुला दिसेल की नाही, ते मला माहीत नाही. धूळ फार साचलीय गं घरात, रागावू नकोस.

खाली गाडी थांबली. वहिनींचा आवाज येतोय. "तुझ्याकडे किल्ली आहे का, की माझ्याकडची देऊ?" तू म्हणालीस, "आहे माझ्याकडे." म्हणजे एवढी वर्षं किल्ली जवळ ठेवलीस. मला वाटलं होतं कुठेतरी फेकून दिली असशील.

जिन्यावर पावलं आहेत. तू मधे थांबतेस, परत चढतेस. मी घाबरलोय, भिंगरे. तू दिवा लावशील आणि मी दिसणार नाही, याची भीती वाटते. हाक मारशील आणि मग मी कुठे जाईन, याचीही वाटते. पण तू ये.

किल्ली फिरली. दार उघडलं.

तू आत येत नाहीस. उंबऱ्यातच उभी आहेस, एक हात चौकटीवर, तेव्हा उभी राहायचीस तशी. खोलीत पूर्ण अंधार आहे. बटण इथे आहे, माझ्या शेजारी, पार खिडकीपाशी. तू माझ्याकडे पाहत नाहीस. किंचित बाजूला पाहते आहेस.

"बाबा, आहात ना?"

आहे गं.